आग्नेय कोपऱ्यातली फरशी

बँकेचे साहेब किल्ल्या घ्यायला अकरा वाजता येणार होते आणि सकाळी आठ वाजता मी स्वयंपाकघरातली फरशी फोडत बसले होते. हातात खलबत्त्यातला बत्ता, समोर आग्नेय कोपरा, जिथं परवापर्यंत गव्हाची कोठी उभी होती. नवरा खाली टेम्पोवाल्याशी घासाघीस करत होता. लेक आतल्या खोलीत पुस्तकांची खोकी बांधत होती. आवाज जाऊ नये म्हणून मी फरशीवर जुन्या टॉवेलची घडी ठेवली होती आणि त्यावर घाव घालत होते. नवऱ्याची भीती नव्हती, लेकीचीही नव्हती. भीती होती समोरच्या दाराची. त्या दारामागं माझी धाकटी जाऊ राहते.

पुढचं सांगण्याआधी एक कबूल करून टाकते, म्हणजे नंतर आडपडदा नको. मी जळकी बाई आहे. तसा हेवा मी सरसकट करत नाही. शेजारणीनं गाडी घेतली, मामेबहिणीनं पाटल्या केल्या, त्याचं मला काही वाटत नाही. माझी सगळी जळजळ एकाच बाईसाठी राखून ठेवलेली आहे. आणि ती बाई इतकी गुणाची की तिच्याबद्दल वाईट बोलायला मला आजवर एकही जोडीदारीण मिळाली नाही.

आम्ही दोघी पिशोरच्या एकाच घरात सुना म्हणून आलो, मी चार वर्षं आधी. माझं माहेर कन्नडकडचं, कोरडवाहू. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर बापाच्या तोंडाकडं बघायचं. तिचं पैठणकडचं, कॅनॉलखालचं, बारमाही हिरवं. मी बारावी. ती डी.एड. होऊन आली आणि वर्षभरात शहरातल्या शाळेत लागलीसुद्धा. लग्नात तिच्या वडलांनी तिला हातमागावरची खरी पैठणी दिली होती. पहिल्याच दिवाळीत तिनं ती माझ्यासमोर उलगडली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही नेसा की एकदा. तुम्हाला लई खुलेल." त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. तिनं नुसती दाखवली असती तर मी तिला मिरवणारी म्हणू शकले असते. नेसा म्हणून तिनं माझं तेवढंही सुख घालवलं.

सासूबाई उठता-बसता म्हणायच्या, "धाकली लई गुणाची हाय. कधी आवाज चढत नाय तिचा." माझा चढतो. तो काय मी मुद्दाम चढवते थोडाच.

सासरे गेल्यावर रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा विकला आणि दोघा भावांना सारखे पैसे मिळाले. माझा नवरा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, भाऊजी, म्हणजे माझे दीर, सरकारी कचेरीत. दोघांचा एकमेकांवर फार जीव. राहायचं तर एकाच इमारतीत, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. जालना रोडपासून आत एक नवी इमारत उभी राहत होती. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट शिल्लक होते, एक टू बीएचके आणि एक थ्री बीएचके. भाऊजींनी डोळे झाकून लहान घेतला आणि नवऱ्याला म्हणाले, "दादा, खालच्या मजल्यावर असाच एक आहे, तो तू घे. हप्ता निवांत जाईल."

नवऱ्याच्या मनातही तेच होतं. मी म्हटलं, म्हणजे थोरल्यानं खाली राहायचं आणि धाकट्यानं वर? आणि घरं सारखीच? मग थोरलेपणाचं काय लोणचं घालायचं? त्यानं मला कागदावर आकडे मांडून दाखवले, पगार किती, हप्ता किती, उरतं किती. मी त्या कागदावर मेथी निवडली. दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या घराच्या कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या, त्याची वर आणि माझी खाली. आमच्या गॅलरीतून उतरणारी विमानं दिसायची. तिच्या गॅलरीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. खरं सांगायचं तर मला विमानांपेक्षा ती भिंतच जास्त आवडायची.

दोन्ही घरांची वास्तुशांत एकाच दिवशी, एकाच गुरुजींच्या हातून झाली. वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. फ्लॅटमध्ये पुरणार कुठं, म्हणून एक फरशी उचकटून ओंजळभर खड्डा करतात, त्यात धान्य घालून प्रतिमा पालथी ठेवतात आणि वरून नवी फरशी बसवतात. आमची प्रतिमा नवऱ्यानं गुलमंडीवरून आणली होती, तांब्याची, इतकी पातळ की नखानं वाकावी. जावेची तिच्या वडलांनी पैठणच्या सोनाराकडून घडवून आणलेली, चांदीची, अंगठ्याएवढी ठसठशीत.

होम आमच्या हॉलमध्ये होता, कारण हॉल माझा मोठा. गुरुजींनी दोन्ही प्रतिमा माझ्या हाती दिल्या. "वहिनी, तुम्ही थोरल्या. पंचामृत लावून धुऊन आणा." बेसिनपाशी मी एकटी, समोर दोन ताम्हणं. पुढं मी काय केलं ते ओळखलं असेलच. हातानं केलं, डोक्याला विचारलं नाही. हळदीकुंकवाचा असा लेप दिला आणि वर अशा अक्षता-फुलं रचली की तांबं कुठलं आणि चांदी कुठली, काही कळू नये. मोठ्या घरात मोठा वास्तुपुरुष, यात चूक काय, असं मनाशी म्हटलं. थोरल्यांचा मान म्हणून आमच्या घरातली आधी पुरली. मग सगळे समोरच्या घरात गेले. पानं घ्यायची आहेत म्हणून मी मात्र मागं राहिले.

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी दोघींना बजावलं, "घरात वंगाळ बोलू नाय कधी. वास्तू तथास्तु म्हनती." मी मान डोलवली आणि पुढं बारा वर्षं त्याच कोपऱ्याशेजारी उभी राहून, पोळ्या लाटता लाटता, जावेबद्दल नाही नाही ते पुटपुटले. हिची नोकरी जावी. हिलाही कळावं महिनाअखेर म्हणजे काय. नोकरी गेली, महिनाअखेरही कळली. पण ती आम्हाला. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं, फरशीखाली बसलेला देव तिचा. तो माझं कसं ऐकेल?

ती आपली माझ्याशी वागायची तशीच वागत राहिली. आपल्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. पाण्याच्या दिवशी मी बाहेर असले तर आमच्या घराची जादा किल्ली घेऊन ती आमचं दार उघडायची, आधी माझे ड्रम भरायची, मग स्वतःचे. मी परत आले की माझे ड्रम मोजायचे, आणि तिचे किती भरले ते लेकीला हळूच बघून यायला लावायचे.

नवऱ्याच्या कारखान्यातलं काम दुसऱ्या राज्यात हललं आणि माणसं इथंच राहिली. त्याला दुसरीकडं कंत्राटी काम मिळालं, निम्म्याहून कमी पगाराचं. मी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायला घेतले. आधी फंडाचे पैसे गेले, मग माझ्या बांगड्या, मग हप्ते थांबले. आम्ही घर विकायलाही काढलं. गिऱ्हाईकं यायची, गॅलरीत उभं राहून विमान बघायची आणि इतकं पाडून मागायची की तेवढ्यात कर्जही फिटलं नसतं. जाऊ शाळेतून आलेली असली की ट्रेमध्ये चहा घेऊन हजर. "ताईंचं घर लई हवेशीर आहे," असं त्या परक्या माणसांना सांगायची. माझं घर विकायलासुद्धा हिचीच मदत! मी कपाकडं बघायचे. कपसुद्धा तिचेच चांगले होते.

बँकेचे वसुलीचे साहेब वयानं तरुण आणि वागायला सभ्य होते. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की पुढं दोन वाटा आहेत. एक म्हणजे बँक दारावर नोटीस लावेल, पेपरात छापेल आणि कायद्यानं ताबा घेईल, वेळ पडली तर पोलीस आणून. दुसरी म्हणजे तुम्ही स्वतःहून लिहून द्या, किल्ल्या सोपवा, मानानं बाहेर पडा. लिलावात येईल ते कर्जात वळतं होईल, कमी पडलं तर बाकीचं हळूहळू फेडा. नवरा म्हणाला, "विचार करून सांगतो." मी तिथल्या तिथं म्हटलं, "देऊन टाकू." साहेबांना वाटलं, बाई समजूतदार आहे. मला दिसत होती फक्त दारावर चिकटवलेली नोटीस, आणि रोज शाळेला जाताना चप्पल घालता घालता ती वाचणारी जाऊ.

लिहून द्यायच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी ती आली. मी मशीनवर बसले होते. ती खाली फरशीवरच बसली आणि पडलेल्या चिंध्या गोळा करू लागली.

"ताई, रागवू नका. आम्ही दोघांनी ठरवलंय. मागचं तुंबलंय ते आम्ही भरतो. पुढची दोन वर्षं हप्त्यातला अर्धा वाटा आमचा. तोवर दादांचं कुठंतरी नीट लागेल. परत द्यायची घाई नाही."

"भाऊजींनीच का नाही बोलायचं मग यांच्याशी?"

"त्यांना धाडस होत नाही. थोरल्या भावासमोर पैसे कसे धरायचे, दादाला कमीपणा वाटला तर, असं म्हणतात. तुम्ही विचारा ना. तुमचं ऐकतात दादा."

घर वाचत होतं. इतकं सरळ होतं ते. पण मला घर दिसेना. मला दिसलं की दोन वर्षं रोज सकाळी मी दार उघडणार आणि समोर हिचं दार असणार. माझ्या गॅलरीतलं विमान अर्धं हिच्या पैशाचं. सासूबाई गावभर सांगणार, धाकलीनं थोरलीचं घर राखलं. मी म्हटलं, "विचारते."

तिसऱ्या दिवशी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "हे नको म्हणाले. भावाचे पैसे घेणार नाही म्हणाले."

तिचा चेहरा उतरला. "असं म्हणाले?"

"असंच."

नवऱ्याला मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

त्यानंतर भाऊजींचं येणं-जाणं तुटलं. त्यांना लागलं होतं, भावानं आपला हात झिडकारला म्हणून. आणि इकडं माझा नवरा रोज चहाचा कप हातात घेऊन एकच बोलायचा, "दाराला दार लागून सख्खा भाऊ. एका शब्दानं विचारलं नाय त्यानं. मी घेतले नसते कदाचित. पण विचारायला काय जातं?" मी हूं म्हणायचे आणि साखर ढवळायचे.

आता फरशी का फोडत होते ते सांगते. वॉचमनच्या बायकोनं मला सांगितलं होतं की समोरचे लोक लिलावात तुमचं घर घेणार आणि मधला पॅसेज आत घेऊन एकच मोठं करणार म्हणे. खरंखोटं करायला मी कुणाकडं गेले नाही. ऐकलं आणि विश्वास ठेवला, कारण मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. घर जाईल तर जाईल, पण चांदीचा वास्तुपुरुष तिला आयता मिळू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. तो मुळात तिचाच होता, हे मला त्या सकाळी आठवत होतं. आठवूनही हात थांबला नाही.

फरशी दोन तुकड्यांत निघाली. आतल्या धान्याचं पीठ झालं होतं. प्रतिमा काळी पडली होती, पण वजन तेच. मी ती पुसली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. तेवढ्यात नवरा वर आला. खड्डा बघून दारातच थांबला. "अगं, वास्तू काढतेत का? ती घराची असती, घरातच राहू द्यायची."

"घर राहिलंय का आपलं?" मी म्हटलं. तो पाण्याचा रिकामा ड्रम उचलून खाली गेला.

अकराला साहेब आले, बरोबर एक कारकून. पंचनाम्याला दोन साक्षीदार लागत होते. एक वॉचमन झाला. दुसरी जाऊ. तिनं शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. भाऊजी मात्र सकाळीच निघून गेले होते. कारकून खोली-खोलीतून फिरत मोठ्यानं वाचत होता, पंखे तीन, ट्यूबलाइट चार, गिझर एक. स्वयंपाकघरात येऊन थांबला.

"ओटा, सिंक, खिडकी एक. आणि हे काय?"

साहेब वाकले. खड्ड्यातलं धान्य आणि हळदीचा रंग त्यांनी पाहिला. त्यांच्याही घरी कधी झालीच असेल वास्तुशांत. कारकुनाला म्हणाले, "एक फरशी सैल, असं लिहा." जावेनं खड्ड्याकडं पाहिलं, मग माझ्या पदराच्या गाठीकडं पाहिलं आणि नजर खिडकीकडं वळवली.

"सगळ्या किल्ल्या दिल्या ना?" साहेबांनी विचारलं. मी हो म्हटलं. जाऊ म्हणाली, "एक मिनिट थांबा." समोर जाऊन लाल दोरा बांधलेली आमची जादा किल्ली घेऊन आली. इतकी वर्षं ती तिच्या दारामागच्या खिळ्याला होती आणि मी विसरून गेले होते. तिनं ती साहेबांच्या हातात दिली. मग तिनं सही केली, मास्तरणीची, स्पष्ट, वळणदार. त्याच कागदावर माझी सही मुंग्या चालल्यासारखी. घर चाललं होतं आणि मला तिच्या अक्षराचा हेवा वाटत होता. नवरा सही करताना दोनदा मान वर करून समोरच्या दाराकडं बघत होता.

साहेब कुलूप लावून गेले. नवरा आणि लेक टेम्पोत सामानाबरोबर पुढं गेले. मी रिक्षानं मागून जाणार होते. जावेनं मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं. तिच्या स्वयंपाकघरात मी नेहमी ओटा, डबे, कप असलं बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदा कोपरा बघितला. इतरांपेक्षा जरा पिवळट फरशी, त्यावर सकाळची रांगोळी आणि एक झेंडू.

"ताई, तुमच्या पदराला काय बांधलंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

मी ग्लास खाली ठेवला आणि पदर मुठीत धरला.

"गुरुजींनी खड्ड्यात ठेवायला दिली तेव्हाच कळलं. हलकी लागली हाताला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? माणसं जमलेली, आई बसलेल्या. म्हटलं, असेल चुकून." मग म्हणाली, "चुकून नव्हतं, ते नंतर कळलं. पण तुमच्या तांब्याच्या देवानं आमचं बारा वर्षांत काही कमी केलं नाही, ताई."

मी तिच्या जागी असते तर होमाच्या धुरात उभी राहून सगळी इमारत गोळा केली असती. मी पदराची गाठ सोडली आणि प्रतिमा तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही.

"राहू द्या. तुम्हाला लागेल. नवं घर झालं की बसवा."

देव चोरला तरी माझाच. परत दिला तरी माझाच. या बाईवर जळायचं तरी कसं, आणि नाही जळायचं तरी कसं? मी उठले. तेव्हा ती हळूच म्हणाली,

"ताई, दादांना तुम्ही विचारलंच नव्हतं ना?"

मी प्रतिमा पुन्हा पदराला बांधू लागले.

"आज सही करताना ते आमच्या दाराकडं बघत होते. नको म्हणालेला माणूस असं बघत नाही."

"भाऊजींना सांगितलंस?"

"नाही. ते तुम्ही सांगायचं."

आम्ही मुकुंदवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भाड्याच्या घरात फरशी फोडता येत नाही, म्हणून वास्तुपुरुष गव्हाच्या डब्यात ठेवला. दळण काढताना हाताला लागायचा. ओट्यापाशी पुटपुटायची माझी सवय मोडली, कोण कुठून तथास्तु म्हणेल सांगता येत नाही. लिलाव झाला. घर एका तरुण जोडप्यानं घेतलं, समोरच्यांनी नाही. वॉचमनच्या बायकोनं ते तिच्या मनानंच रचलं होतं आणि मी माझ्या मनानं खरं केलं होतं.

सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं. देव बदलल्याचं सांगणं काहीच नव्हतं, नवरा हसलाही असता. पण त्याच्या भावाचा हात मी जिन्यात तोडला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? सांगितलं की घरही मीच घालवलं हे उघड होणार, एकदा मोठं घेऊन आणि एकदा वाचत असताना. तीन महिने गेले. तो तिन्ही महिने चहाच्या कपावर तेच बोलत राहिला, एका शब्दानं विचारलं नाय. मग एका संध्याकाळी त्यानं त्यात भर घातली.

"आता माझ्या मयतीला तरी येतो का नाय तो, कोण जाणे."

"वंगाळ बोलू नका!" मी ओरडले. माझ्या तोंडून सासूबाईंचाच शब्द आला. तो चमकून बघायला लागला. मी गव्हाचा डबा ओढला, कोपरापर्यंत हात घातला, प्रतिमा काढली आणि त्याच्यासमोर बशीत ठेवली. आणि सांगितलं. आधी बेसिनपाशी केलेलं सांगितलं. मग मशीनपाशी जाऊ काय म्हणाली ते, जिन्यात मी काय म्हणाले ते. "भाऊजींनी विचारलं होतं. तुमच्यापर्यंत मी येऊ दिलं नाही. मला तिचे पैसे नको होते. मला घर गेलेलं चाललं, तिनं राखलेलं चालणार नव्हतं."

तो ओरडला नाही. लेक आतून दारात येऊन उभी राहिली होती, तिच्याकडंही त्यानं पाहिलं नाही. बशीतली प्रतिमा उचलून तळहातावर तोलली. थोडे गहू चिकटले होते ते एकेक करून बशीत टाकले. मग प्रतिमा शर्टाच्या खिशात घातली, पायात चपला सरकवल्या आणि निघाला. मी "येऊ का?" विचारलं. त्यानं मान हलवली, नको म्हणून.

मी देवापाशी दिवा लावला. कणीक मळली. पोळ्या झाल्या, गार झाल्या. दोन तासांनी तो आला. डोळे लाल होते. खिसा सपाट होता. खुर्चीवर बसला आणि म्हणाला,

"चहा ठेवू नको. पिऊन आलोय तिकडं."

मी बरं म्हटलं.

"आलं घातलं होतं तिनं. झकास झाला होता."

तीन महिने तो रोज दोन वेळा माझ्या हातचा चहा पीत होता आणि त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. मी ओट्याकडं तोंड करून उभी राहिले. आधी मला त्या चहाचा हेवा वाटला. मग रडू आलं. त्याच क्रमानं आलं, हे मी लपवत नाही.